कोंबडा आणि अंगाई

परीक्षकांनी मला यकृताबद्दल विचारलं आणि मी पाणथरीबद्दल, म्हणजे प्लीहेबद्दल, अकरा मिनिटं बोलले. अकरा हा आकडा माझा नाही. दाराशी पुढच्या नंबरची मुलगी मनगटावरच्या घड्याळात बघत उभी होती, तिचा आहे. मी पाणथरीचं वजन सांगितलं, तिच्या कडेच्या खाचा सांगितल्या, हिवतापात ती कशी वाढते ते सांगितलं, आणि आमच्या वारूळवाडीतल्या एका गुराख्याची पाणथरी बेंबीपर्यंत आली होती हेही सांगून टाकलं. दोघांपैकी वयस्कर परीक्षकांनी दोनदा हात वर केला. मला वाटलं, दाद देताहेत. शेवटी त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाई, पाणी प्या. आणि श्वास घ्या. श्वास घेतलेला परीक्षेत चालतो."

मी नापास झाले.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. कॉलेजचं आणि शहराचं नाव मुद्दामच घालत नाही. आमच्या वर्गात मुली मोजक्या होत्या, सगळ्या एकाच वसतिगृहात, एकाच मजल्यावर. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला दिवसा वॉर्ड आणि रात्री पुस्तक, अशी विभागणी होती. झोपेचा तास वेळापत्रकात कुणी घातलाच नव्हता. त्यावर तोड काढली ती माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं. वर्गात ती पहिली यायची. एके दिवशी तिनं माझ्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवली आणि म्हणाली, "हा कोंबडा. गिळलास की आरवतो."

त्या गोळीचं पुस्तकातलं नाव अ‍ॅम्फेटामीन. तेव्हा ती औषधाच्या दुकानात खोकल्याच्या वड्यांसारखी मिळायची, चिठ्ठी कुणी मागत नसे. कोंबडा खरोखर आरवायचा. डोळे टक्क उघडे, पानंच्या पानं डोक्यात जाताहेत असं वाटायचं, भूक लागायची नाही, तोंड मात्र चुन्याच्या निवळीनं धुतल्यासारखं कोरडं. अडचण एवढीच की एकदा आरवायला लागलेला कोंबडा गप्प कसा करायचा ते कळत नसे. म्हणून मग दुसरी गोळी आली, झोपेची, फेनोबार्बिटोनची. तिचं नाव आम्ही ठेवलं अंगाई. सकाळी कोंबडा, झोपताना अंगाई. हळूहळू सकाळी दोन कोंबडे झाले आणि झोपताना दोन अंगाया. "तुझा कोंबडा उधार देतेस का?" असं मजल्यावर कुणी विचारलं, तर ऐकणाऱ्या वॉर्डनबाईंना ती मुलींची थट्टा वाटायची. एकदा त्यांनी सूचनाफलकावर लिहिलं होतं, खोल्यांत पक्षी पाळू नयेत.

परीक्षेच्या त्याच आठवड्यात माझी मैत्रीण न्हाणीघरात जाऊन बसली. आतून कडी. मी दार वाजवलं तर म्हणाली, "हळू बोल. पडद्यामागे माझं नाव लिहून घेताहेत." न्हाणीघराला पडदा नव्हता. दुपारी तिचा भाऊ आला, त्यानं समजूत काढून तिला बाहेर आणलं, टांग्यात बसवलं आणि घरी नेलं. ती जाताना कोपऱ्याकोपऱ्यावर मागे वळून बघत होती. वसतिगृहात सांगण्यात आलं, विषमज्वर. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. एका मजल्यावर तेरा होऊ घातलेल्या डॉक्टरणी, आणि निदान करायला एकही पुढे आली नाही. ते करायचं तर आधी स्वतःच्या उशीखालची बाटली दाखवावी लागली असती.

मी नापास झाल्यावर आमच्या एका सरांनी मला बोलावलं. माणूस तुसडा, पण नजर चांगली. म्हणाले, "तुला पुस्तक पाठ आहे, माणूस पाठ नाही. पुढच्या परीक्षेला पाच महिने आहेत. त्यातले तीन माझ्या एका विद्यार्थ्याच्या दवाखान्यात काढ. तुमच्याच भागात आहे, आंबेगाव तालुक्यात." मी खोली आवरली. मैत्रिणीची कॉट रिकामी होती, तिच्या गादीखाली दोन बाटल्या मिळाल्या, एक कोंबड्यांची आणि एक अंगायांची. मी त्या टाकून द्यायला हव्या होत्या. मी त्या ट्रंकेत ठेवल्या, साड्यांच्या घडीत, देव ठेवावेत तशा.

एस.टी.तून पेठच्या पुढे आले आणि डोंगर दिसायला लागले, तेव्हा माझ्या पोटात दोन कोंबडे होते आणि मी शेजारच्या बाईला अ‍ॅपेंडिक्स कुठं असतं ते समजावून सांगत होते. तिनं विचारलं नव्हतं. पुढच्या थांब्यावर ती उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि पुढे पडवी. मोठे डॉक्टर शांत, कमी बोलणारे, अर्धा आठवडा फिरतीवर. त्यांच्याच घराच्या बाजूच्या खोलीत माझी राहायची सोय होती. दवाखाना खरा चालवायचे ते कंपाउंडर. साठीचे, उंच, काळी टोपी, मेंदी लावलेली दाढी. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणायला लागले. ते मूळ जुन्नरचे, घराण्याचा धंदा हातकागद बनवायचा. तो धंदा बसला आणि चाचा औषधांकडे वळले, पण कागदावरचा जीव गेला नव्हता. रोगी घरून बाटली आणायचा, चाचा तीत मिक्स्चर भरायचे आणि डोस दाखवणारी कागदाची पट्टी बाटलीला बाहेरून चिकटवायचे. ती पट्टी ते कात्रीनं अशी कापायचे की तिचे कंगोरे बघत बसावं.

पहिल्या आठवड्यात मी चाचांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं. अंगात आरवणारा कोंबडा, आणि काम सकाळी दहाला सुरू व्हायचं. मग पहाटे करायचं काय? मी औषधांचं कपाट लावलं. सगळ्या बरण्या खाली काढल्या, पुसल्या, आणि लॅटिन नावांप्रमाणे अकारविल्हे परत ठेवल्या. मला फार अभिमान वाटला. चाचा तीस वर्षं त्या कपाटात डोळे मिटून हात घालत होते. त्या सकाळी त्यांनी खोकल्यासाठी हात घातला आणि वायूचं मिक्स्चर हाती आलं. तापासाठी घातला, वायूचं आलं. शेवटी त्यांनी हात मागे घेतला आणि पडवीतल्या रांगेला सांगितलं, "आज ज्यांना वायू झालाय त्यांनी थांबा. बाकीचे उद्या या."

माझ्या चिठ्ठ्याही गाजल्या. साध्या खरजेच्या पोराला मी दीड पान लिहून द्यायची, त्यात त्याच्या आजोबांच्या दम्याचाही उल्लेख असे. चाचांनी एक चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"डॉक्टरीणबाई, ही चिठ्ठी हाय का पत्रिका?"

"का हो?"

"न्हाई, पोराचं लगीन कधी व्हईल तेवढं राहिलंय लिवायचं."

मी हसले. ते हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते. माझे हात तेव्हा कापायचे, मी ते टेबलाखाली घ्यायची. त्यानंतर चाचा मला अधूनमधून असं बघायचे, जसं बाटलीतलं औषध तळाशी बसलंय का ते बघावं.

थंडी सरता सरता देवी काढायचा हंगाम आला. देवीची लस टोचायला आमच्याकडे देवी काढणं म्हणायचे. टोचणारा माणूस वेगळा असे, गावोगाव हिंडणारा. आमच्या भागातल्या त्या गृहस्थांना आहुप्याची धास्ती होती. आहुपे म्हणजे पार डोंगराच्या टोकाला, पलीकडे सरळ कोकणात तुटलेला कडा. गावाची देवराई मोठी, देवाची म्हणून तिच्यात कुणी कुऱ्हाड घालत नाही. आदल्या वर्षी हे गृहस्थ वर पोचले तर अख्खं गाव पोराबाळांसकट त्या देवराईत जाऊन बसलेलं. देवाच्या रानात शिरून टोचायची हिंमत त्यांना झाली नाही. दोन दिवस बाहेर बसून, डासांना रक्त पाजून ते परत आले. यंदा आहुप्याला निघायच्या दिवशीच त्यांचा पाय मुरगळला. कोणता ते त्यांना विचारल्यावर ते क्षणभर घोटाळले होते, असं मला आठवतं.

मोठे डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जा. बाई बघून बायका तरी बाहेर येतील. चाचा दरसाल क्विनीन आणि मलम घेऊन वर जातात, ते सोबत असतील."

मी उत्साहानं तयार झाले. तेव्हा मी सगळ्यालाच उत्साहानं तयार व्हायची. लसीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, दंडावर टेकवून फिरवायची दातेरी चकती घेतली, आणि कोंबड्यांची बाटली कमरेच्या पिशवीत खोचली. एस.टी. संपली तिथून पायवाट. एक मुक्काम वाटेत, एका वाडीत. त्या मुक्कामाला मी अंगाई घेतली आणि सकाळी उठून दोन कोंबडे गिळले. ते आरवले नाहीत. चढावर पाय शिशाचे झाले. मी आणखी दोन गिळले. चाचा पुढे चालले होते, ते थांबले आणि म्हणाले, "बसा घडीभर." मी म्हणाले, मला काही झालेलं नाही, आणि बसले, आणि बसल्या बसल्या माझी मान पुढे पडली. त्यांनीच मला हाताला धरून उठवलं.

दुपारी आम्ही आहुप्यात पोचलो. गाव रिकामं. चुलींतून धूर येत होता, कोंबड्या हिंडत होत्या, हिरडे वाळत घातलेले होते, पण माणूस नाही. बातमी आमच्या आधी चढून गेली होती. फक्त एका घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. तिचे पाय अधू, पळून जाणं तिला जमलं नव्हतं. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "टोचायची आसल तर मला टोचा, आन् जा. बाकी कुनी न्हाई गावात. समदी मेली."

"समदी?" चाचांनी विचारलं.

"समदी."

देवराईतून एका पोराच्या रडण्याचा आवाज आला. म्हातारी न बिचकता म्हणाली, "त्यो पक्षी हाय."

मला फार हसू आलं. मी तिच्या शेजारी पडवीत बसले, तिचा दंड बघायला म्हणून हात पुढे केला, आणि मला एवढंच आठवतं की सारवलेली जमीन गार होती आणि गालाला बरी लागत होती.

मी उठले तेव्हा उन्हं कलली होती. मला वाटलं, तासभर डोळा लागला. प्रत्यक्षात तो दुसरा दिवस होता. माझ्या अंगावर दोन घोंगड्या. कपाळावर काहीतरी खरखरीत, हात लावला तर अंगारा. भोवती माणसंच माणसं: बायका, पुरुष, कडेवरची पोरं. अख्खं गाव पडवीत आणि अंगणात दाटून बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. पायाशी गावचा भगत, हातात मोरपिसांचा झुडपा. उशाशी चाचा, दोन्ही हात दुआसाठी पसरलेले, ओठ हलताहेत. आदल्या दुपारपासून ते तिथून हलले नव्हते. दर थोड्या वेळानं माझी नाडी बघायचे, मग नमाज पढायचे, मग पुन्हा नाडी.

घडलं होतं ते असं. मी कोसळल्यावर चाचांनी हाका मारल्या, मी उठेना. तोंडावर पाणी मारलं, मी कूस बदलली आणि घोरायला लागले. म्हातारीनं निदान केलं की बाई देवराईला पाठ करून बसली, देवाला राग आला. तिनं देवराईच्या दिशेनं आरोळी दिली, "या रं, डॉक्टरीन झपाटली." टोचायला आलेल्या बाईला घाबरून पळालेलं गाव, झपाटलेल्या बाईला बघायला धावत परत आलं. मग त्यांनी माझ्यावर उपचार केले. अंगारा लावला, नाचणीची पेज चमच्या चमच्यानं पाजली, बायकांनी आळीपाळीनं पाय चोळले. एक पोरगी मला जाग यावी म्हणून कानाशी सारखं थाळा वाजवत होती म्हणे.

मी डोळे उघडलेले बघून म्हातारी पुढे सरकली.

"काय गं पोरी, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय. भूक लागली आहे."

"लागनारच. आमी तुज्यासाठी नवस बोललो."

"कसला नवस?"

"तू उठलीस तर द्येवाला कोंबडा."

मला हसू फुटलं. आवरेना. तोंडावर पदर घेतला तरी आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसता हसता मी रडायलाच लागले, चांगली हुंदके देऊन, अनोळखी माणसांच्या गराड्यात. मैत्रिणीला टांग्यातून नेलं त्या दिवशी मी रडले नव्हते. नापास झाले तेव्हा रडले नव्हते. सगळं त्या पडवीत आलं. भगतानं चाचांकडे बघून मान हलवली, अजून पुरतं उतरलं नाही असं, आणि झुडपा पुन्हा उचलला. म्हातारीनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्ये येगळं हाय. ह्ये रडू द्यावं लागतं." तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मग आणखी एक. गाव बघत होतं. खाऊन झाल्यावर मी म्हणाले, "आता मी उद्या सकाळी निघते. तुम्हाला त्रास दिला."

"आन् टोचायचं?" म्हातारीनं विचारलं.

"तुम्हाला नको आहे ना?"

तिनं थोडा विचार केला. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिनं आपल्या द्येवाचा अंगारा घेतला. न्हाई म्हनली न्हाई."

"ती झोपली व्हती," मागून कुणीतरी म्हणालं.

"झोपली व्हती तरी घेतला. आता तिची द्येवी आपुन न्हाई घेतली तर बरं दिसत न्हाई." आणि तिनं बाही वर सारून आपला सुकलेला दंड माझ्यापुढे धरला.

सकाळी मी ओट्यावर बसून टोचायला सुरुवात केली. कुणी पळालं नाही. पोरं किंचाळली, बायकांनी डोळे मिटले, भगत शेवटी आला आणि दोन्ही दंड पुढे करून म्हणाला, कोणचा जास्त चांगला? आदल्या वर्षीच्या गृहस्थांनी पुढे तालुकाभर सांगितलं की मी आहुप्यात जादू केली. त्यांचा पाय आठवड्यात बरा झाला.

 उतारावर पहिल्या पाण्याच्या झऱ्यापाशी चाचा बसले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, माजा गुन्हा हाय. तुमच्या बाटलीतल्या गोळ्या मी बदलल्या."

मला आधी कळलंच नाही.

"निघायच्या आदल्या दिशी. त्या कॅल्शियमच्या हायेत. दिसायला तशाच."

मी बाटली काढली, एक गोळी जिभेवर ठेवली. खडूची चव. त्या दोन दिवसांत मी सहा-सात खडू गिळले होते. मला इतका संताप आला की मी ताडकन उठून दहा पावलं पुढे गेले आणि वाट माहीत नसल्यामुळे परत आले.

"तुम्हाला कुणी अधिकार दिला?"

"कुनीच न्हाई."

"आणि तुम्हाला कळलं कसं?"

"तीस वर्सं लोकास्नी गोळ्या देतोय. आजारी मानूस गोळी गिळतो तर तोंड वाकडं करतो, वर गटागटा पानी पितो. तुमी पान्याबिगर गिळता. चनं खाल्ल्यासारखं." ते थांबले. "मला वाटलं, डोंगरात चार दिस गोळी न्हाई मिळाली तर जरा सुस्ती यील, मग उतरल. तुमी उठनारच न्हाई हे मला ठावं नव्हतं. काल दुपारी मी म्हनलं, मी पोर मारली. मोठ्या डॉक्टरांना काय सांगू, तुमच्या बापाला काय सांगू. आयुष्यात येवढा भ्यालो न्हाई."

त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांच्या शेजारी बसले. मग मी त्यांना मैत्रिणीबद्दल सांगितलं. टांगा, न्हाणीघर, पडदा, आम्ही सगळ्यांनी डोलावलेल्या माना. मी ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.  शेवटी चाचा म्हणाले, "दुसरी बाटली बी द्या. झोपंची."

"ती एकदम बंद करता येत नाही, चाचा. झटके येतात."

"म्हाईत हाय. म्हनून तर तिला हात लावला न्हाई. ती माज्यापाशी राहील. रोज संध्याकाळी पुडी मिळंल."

मोठ्या डॉक्टरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांनी चाचांना खडसावलं, न विचारता कुणाच्या औषधाला हात लावायचा नाही म्हणून, आणि मग प्रत्येक आठवड्याला किती कमी करायचं ते स्वतः लिहून दिलं. चाचा ती गोळी कागद कापायच्या सुरीनं इतकी बारीक तासायचे की पाहणाऱ्याला ते सोन्याचं काम वाटावं.

मी सरळ वागले असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. दुसऱ्या आठवड्यात मी एक खोटी रोगीण तयार केली. आजीबाई, वय सत्तर, निद्रानाश, सोबत नेहमीसारखं दीड पान नाही, फक्त दोन ओळी, संशय येऊ नये म्हणून. चाचांनी चिठ्ठी वाचली.

"ह्या आजीबाई कुठं हायेत?"

"घरी. त्यांना चालवत नाही."

"मग मीच जातो द्यायला. घर कुठलं?"

मी एक घर सांगितलं. चाचा टोपी घालून खरंच निघाले. मला वाटलं, कोपऱ्यावरून परततील. ते तासाभरानं आले, घामाघूम, आणि म्हणाले, "त्या घरात एक म्हैस हाय. वय सत्तर न्हाई, पन झोप तिला चांगली लागती." चिठ्ठी त्यांनी घडी घालून मला परत दिली आणि माझ्यापुढे मोठा खल ठेवला. ओवा, सुंठ, काय काय कुटायचं होतं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी कुटत असे. रागानं कुटलेली पूड फार वस्त्रगाळ होते. त्या मोसमात आमच्या दवाखान्याच्या पाचक चूर्णाची कीर्ती मंचरपर्यंत गेली.

ते दिवस वाईट होते. स्वप्नं भयंकर पडायची, कुणी नुसतं "बाई, बसा" म्हटलं तरी रडू यायचं. वाचलेलं डोक्यात राहायचं नाही, मला वाटायचं माझी बुद्धी त्या बाटलीतच होती आणि आता ती संपली. मी तसं चाचांना म्हणाले. ते म्हणाले, "बुद्धीचं म्हाईत न्हाई. पन परवा तुमी त्या कोळ्याच्या पोरीचं ऐकून घेतलं. आधी तुमी ऐकत नव्हता, नुसतं सांगत व्हता." ती पोरगी पोटात दुखतं म्हणून आली होती. मी काही न बोलता बसून राहिले, तर पाऊण तासानं तिनं सांगितलं की सासरी तिला जेवायला देत नाहीत. असलं पोट दुखणं माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा दिली. तेच वयस्कर परीक्षक. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण पाण्याचा पेला आधीच माझ्या बाजूला ठेवलेला होता. मी सावकाश, अडखळत उत्तरं दिली. एका प्रश्नाला मी म्हणाले, "मला आठवत नाही, सर." ते म्हणाले, "ठीक आहे, मलाही नेहमी आठवत नाही." मी पास झाले, यादीत शेवटून तिसरी.

घरी जायच्या आधी मैत्रिणीला भेटायला गेले. ती भावाच्या घरी होती, अंगानं भरलेली, बोलणं थोडं संथ. तिला भास व्हायचे थांबले होते. ती गच्चीत पापड वाळत घालत होती, मीही बसून घालू लागले. तिनं विचारलं, "अजून घेतेस?" मी म्हणाले, नाही. "एकटीनं सोडलंस?" मी तिला चाचांचं आणि म्हशीचं सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "माझ्या वेळी कुणी बाटली बदलली नाही."  मी तिची माफी मागितली आणि तिनं पापडाची एक लाटी माझ्या हातात दिली. तिनं पुन्हा डॉक्टरकी केली नाही. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि विद्यार्थिनींना परीक्षेच्या आदल्या दिवशी बळजबरीनं झोपायला लावणारी बाई म्हणून नाव काढलं.

वारूळवाडीला पोचले तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. ते प्राथमिक शाळेत शिक्षक, शिस्तीचे, आमच्याशी मोजकं बोलणारे. मी निकाल सांगितला आणि मग ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. गोळ्या, आहुपे, सगळं. आई दाराच्या आड उभी राहून ऐकत होती.  माझं संपल्यावर वडिलांनी समोरच्या चिंचेकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तो मुलगा नव्हताच?"

"कोण मुलगा?"

"गेल्या दिवाळीआधी मी तुला भेटायला आलो होतो."

"तुम्ही? कधी? मला भेटला नाहीत."

"फाटकातून बघितलं. तू अंगणात येरझाऱ्या घालत होतीस. वाळून काटकी झालेली, एकटीच बोलत होतीस, हातवारे करत होतीस. मी म्हटलं, ही प्रेमात पडली. न भेटता परत आलो." त्यांनी घसा खाकरला. "तुझ्या आईला सांगितलं. दोन महिने आमचा वाद चालला. शेवटी ठरवलं की मुलगा कुठल्याही जातीचा असो, नाही म्हणायचं नाही. शाळेत काय सांगायचं, भावकीला काय सांगायचं, सगळं मी लिहून काढलं होतं."

 मी त्या वेळी पाणथरीचा धडा पाठ करत होते. आणि हा माणूस, ज्यानं कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता, माझ्यासाठी अख्ख्या भावकीशी भांडायची तयारी करून बसला होता.

"लिहून काढलं होतं म्हणजे?" मी विचारलं.

"भाषण. भावकीपुढे करायचं."

"मला ऐकवा."

"आता त्याचा काय उपयोग?"

"तरी ऐकवा."

ते उठले, धोतराचा सोगा नीट केला, हात मागे बांधले, आणि चिंचेकडे तोंड करून "उपस्थित ज्येष्ठ मंडळी," अशी सुरुवात केली. आवाज वर्गातला, खणखणीत. कुळाची खरी प्रतिष्ठा कशात असते इथवर ते आले तेव्हा शेजारचे दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते आणि कुणाचं लग्न ठरलं म्हणून एकमेकांना विचारत होते. मी ओट्यावर बसून ऐकत राहिले. आईनं दारातून एकदा डोकावून विचारलं, "पानं घेऊ का, की अजून बरंच आहे?" वडिलांनी तिला हातानंच थांबवलं आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळले.